पाठीशी उभा राहणारा मित्र : बर्णबा

मित्रहो, ‘ख्रिस्ती माणसाची विश्वासू मैत्री’ हा आजचा विषय. विषय ऐकल्याबरोबर तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात दावीद आणि योनाथान आले असतील. येणारच. रविवारच्या शाळेपासून ती जोडी आपण ऐकत आलो आहोत. पण आज मी मुद्दाम दुसरा माणूस घेतला आहे. योनाथानाचा मित्र होता दावीद. गुणी, शूर, सगळ्या लोकांचा लाडका. त्याच्याशी एकनिष्ठ राहणं योनाथानाला जड गेलं ते बापामुळं, मित्रामुळं नव्हे. बर्णबाचे मित्र वेगळे. एकावर कोणाचाच विश्वास नव्हता, आणि दुसरा अर्ध्या वाटेवरून परत आलेला. आपल्या वाट्यालाही बहुधा असेच मित्र येतात, आणि खरं सांगायचं तर आपणही कुणाच्या तरी वाट्याला तसेच आलेले असतो.

बर्णबाचं मूळ नाव योसेफ. कुप्र बेटावरचा लेवी. प्रेषितांची कृत्ये, चौथा अध्याय बघा: त्यानं आपलं शेत विकलं आणि पैसे आणून प्रेषितांच्या पायांशी ठेवले. बर्णबा हे नावही प्रेषितांनीच दिलेलं. दुसऱ्याला धीर देणारा असा त्याचा भाव आहे. म्हणजे यरुशलेमेच्या मंडळीत या माणसाची पत होती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यानं ही पत कशी खर्च केली तोच खरा मुद्दा आहे.

नवव्या अध्यायात शौल यरुशलेमेत येतो. स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा मारणाऱ्यांची वस्त्रं सांभाळत उभा राहिलेला तो हाच. घराघरांत शिरून स्त्री-पुरुषांना ओढून तुरुंगात टाकणाराही हाच. आता तो म्हणतो, मी शिष्य झालो. लोक घाबरले. घाबरणारच हो! आत शिरून नावं काढून घ्यायची ही युक्ती नसेल कशावरून? त्यांना अल्पविश्वासी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ज्यांच्या घरची माणसं तुरुंगात गेली, त्यांची ती भीती होती.

तेव्हा बर्णबानं शौलाला बरोबर घेतलं, प्रेषितांकडं नेलं आणि त्याची हकीकत त्यांना सांगितली: वाटेत प्रभू कसा भेटला, आणि दिमिष्कात यानं येशूच्या नावानं निर्भयपणे कसं भाषण केलं. आपल्याकडं याला ‘शब्द टाकणं’ म्हणतात. शब्द टाकणाऱ्याचं काय पणाला लागतं? समोरचा माणूस खोटा निघाला तर लोक म्हणणार, यानंच आणला होता त्याला. शेताचे पैसे एकदा दिले की दिले. नाव मात्र असं पुन्हा पुन्हा पणाला लागतं. (नीतिसूत्रांत जामीन राहू नका असा इशारा आहे, हे मला ठाऊक आहे. तो कर्जापुरता आहे. मित्राच्या कर्जाच्या कागदावर सही करा असं मी आज कोणालाही सांगत नाही.)

पुढं अंत्युखियात काम वाढलं तेव्हा हाच बर्णबा तार्साला गेला, शौलाला शोधून काढलं आणि घेऊन आला. दोघांनी वर्षभर तिथं शिकवलं. आता एक बारकी गोष्ट बघा. लूक आधी लिहितो, ‘बर्णबा आणि शौल’. तेराव्या अध्यायाच्या मध्यापासून क्रम बदलतो, बहुतेक ठिकाणी पौलाचं नाव पुढं येतं. ज्याला हाताला धरून आणलं तो पुढं गेला. बर्णबानं यावर कुरकुर केल्याची एकही नोंद नाही. मित्राच्या संकटात रडायला माणसं मिळतात. मित्र आपल्या पुढं निघून गेला की आपली खरी परीक्षा होते.

आता मार्काकडं येऊ. योहान मार्क हा यरुशलेमेतल्या मरीयेचा मुलगा, बर्णबाचा नातलग. पहिल्या फेरीत मदतनीस म्हणून गेला आणि पंफुल्यातल्या पिर्गाहून परतला. का परतला, हे लूक सांगत नाही. आपले उपदेशक त्याला कधी आजारी पाडतात, कधी घरची आठवण आणतात. मजकुरात यातलं काहीच नाही. दुसऱ्या फेरीची वेळ आली तेव्हा बर्णबा म्हणाला, मार्काला घेऊ. पौल म्हणाला, नाही. वाद इतका पेटला की दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौलानं सीलाला घेतलं. लूकनं इथं वापरलेला ग्रीक शब्द चांगलाच कडक आहे. किरकोळ मतभेद नव्हता तो.

पौलाचं म्हणणं चुकीचं होतं का? मला तसं वाटत नाही. पहिल्या फेरीत लुस्त्रात त्याला दगडमार करून मेला म्हणून गावाबाहेर टाकलं होतं. अशा प्रवासात मधूनच निघून जाणारा सोबती परवडत नाही. आणि बर्णबानं ‘मार्कानं काही चूक केलीच नाही’ असं म्हटल्याचंही कुठं दिसत नाही. गेला ते गेला. तरी त्याला पुन्हा घेऊ, एवढंच त्याचं म्हणणं.

आपल्या मराठीत यासाठी दोन वाक्प्रचार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मित्राच्या पाठीशी उभं राहणं आणि मित्राला पाठीशी घालणं. मंडळीचा खजिनदार हिशोबात गडबड करतो आणि त्याचे मित्र म्हणतात, ‘जाऊ द्या, इतकी वर्षं सेवा केली आहे.’ एखादा भाऊ घरात बायकोला मारतो आणि चार मित्र तिलाच सांगायला जातात, ‘ताई, क्षमा करा, प्रार्थना करा.’ हे पाठीशी घालणं झालं. याला ख्रिस्ती मैत्रीचं नाव देऊ नका. यात पणाला लागतं ते दुसऱ्याचं, त्या ताईचं, मंडळीतल्या गरिबांचं. बर्णबानं स्वतःचं पणाला लावलं. स्वतःचा वेळ, स्वतःचा प्रवास आणि शेवटी पौलासारखा सोबती. त्या खजिनदाराच्या पाठीशी उभं राहायचं तर हिशोब देण्याच्या सभेत त्याच्या शेजारी बसा, पैसे फेडायला मदत करा, आणि नंतर कोणी त्याच्याशी बोलत नसेल तेव्हा त्याच्या घरी जा. तिजोरीची किल्ली परत द्यायला हवी असं मात्र नाही.

बर्णबाही काही देवदूत नव्हता. गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. यरुशलेमेहून काही यहूदी विश्वासणारे अंत्युखियात आले, आणि इतर जातींतून आलेल्या भावांबरोबर जेवणारा पेत्र त्यांच्या भीतीनं वेगळा बसू लागला. बाकीचे त्याच्यामागं गेले. बर्णबासुद्धा गेला, असं पौल लिहितो. त्या ‘सुद्धा’मध्ये केवढं दुःख आहे! ताटावरून माणसं वेगळी करणं म्हणजे काय, हे आपल्या देशात समजावून सांगायला नको. पौलानं पेत्राला सगळ्यांसमक्ष अडवलं. ज्या ताटावरून भाऊ उठवला जातो, तिथं मित्र नाराज होईल म्हणून गप्प बसणं हीसुद्धा बेइमानीच.

मग एवढं भांडल्यावर मैत्री उरते का? करिंथकरांस पहिल्या पत्रात, म्हणजे फुटीनंतर, पौल बर्णबाचा उल्लेख करतो तो स्वतःच्या बरोबरीनं: आम्ही दोघं हातांनी कष्ट करून खातो, असा. कडवटपणाचा लवलेश नाही.

आपल्या महाराष्ट्राजवळचं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घ्या. 1883 मध्ये त्या इंग्लंडात वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या, तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांची आध्यात्मिक आई. रमाबाई तिला ‘आजीबाई’ म्हणत. आणि या आजीबाईशी त्यांनी पत्रांतून केवढा वाद घातला! त्रैक्यावर, मंडळीच्या अधिकारावर, मनोरमेच्या शिक्षणावर. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या स्वाधीन करणार नाही, हा त्यांचा सूर. जेराल्डीनबाईंचा सूर पुष्कळदा मला वरचढपणाचा वाटतो, हेही सांगतो. पण आपल्याला विरोध करणारी ती पत्रं बाईंनी फाडून टाकली नाहीत. जपली, क्रमानं लावली. 1977 मध्ये ती अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली मुंबईत छापली गेली. आज रमाबाईंचं मन आपल्याला इतकं उघड दिसतं त्याचं बरंचसं श्रेय या भांडकुदळ मैत्रीला आहे.

राहता राहिला मार्क. कुप्राला जाणाऱ्या जहाजात बसल्यावर बर्णबा ‘कृत्यां’च्या गोष्टीतून निघून जातो, पुन्हा दिसत नाही. त्या बेटावर त्यानं मार्काला काय शिकवलं, किती वेळा समजावलं, याची एक ओळही नाही. मात्र कलस्सैकरांस लिहिताना मार्क पौलाजवळ आहे, आणि हा आला तर याचा स्वीकार करा असं पौल सांगतो. आता पौल त्याच्यासाठी शब्द टाकतो आहे! तीमथ्याला दुसरं पत्र हे पौलाच्या शेवटच्या तुरुंगवासातलं मानलं जातं. देमास सोडून गेला आहे, जवळ फक्त लूक आहे, हिवाळा तोंडावर आला आहे. म्हातारा पौल तीमथ्याला चार गोष्टी आणायला सांगतो. त्रोवसात कार्पाकडं राहिलेला झगा, पुस्तकं, चर्मपत्रं. आणि या सगळ्यांच्या आधी, येताना मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे.