योकवरचा नकाशा

ढगांपासून दूर राहून आणि जमीन सतत नजरेत ठेवून केलेल्या उड्डाणाला दृश्य नियमांनुसार केलेले उड्डाण म्हणतात, आणि अमेरिकेत सेसना १७२ सारख्या चार आसनी विमानांतून हौसेसाठी किंवा प्रशिक्षणासाठी होणारी पुष्कळशी उड्डाणे याच प्रकारची असतात. अशा उड्डाणात वाट शोधण्याची जुनी साधने मोजकीच होती : १:५,००,००० प्रमाणाचा हवाई नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि खाली दिसणाऱ्या नद्या, लोहमार्ग, जलाशय. यांच्या आधारे नाकाची दिशा, वेग आणि गेलेला वेळ यांचे गणित मांडून आपले स्थान अदमासाने ठरवावे लागे, आणि वाऱ्याचा अंदाज चुकला की सगळेच गणित बिघडे. ११० नॉट वेगाने जाणाऱ्या विमानावर २० नॉटचा वारा आडवा येत असेल आणि वैमानिकाने त्याची दखल घेतली नसेल, तर ६० सागरी मैल पुढे जाईपर्यंत विमान मूळ रेषेपासून सुमारे ११ सागरी मैल, म्हणजे जवळपास २० किलोमीटर, बाजूला गेलेले असते. हवा धूसर असेल तर एवढ्या अंतरावरची धावपट्टी दिसणेही अवघड. रेडिओ दिशादर्शक केंद्रांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ही अडचण बरीच कमी केली. परंतु त्यांच्या लहरी सरळ रेषेत जात असल्यामुळे डोंगराआड, कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानापर्यंत त्या पोहोचत नाहीत.

जीपीएस ही अमेरिकी संरक्षण खात्याची यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. सप्टेंबर १९८३ मध्ये मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन एअर लाइन्सचे प्रवासी विमान पाडले गेले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ही यंत्रणा नागरी वापरासाठी खुली केली जाईल, असे रेगन प्रशासनाने जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली, तरी नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली अचूकतेची घट मे २००० पर्यंत कायम होती. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह आपल्या अणुघड्याळाची वेळ प्रसारित करतात. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून ग्राहकयंत्र प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते. तीन अंतरांवरून स्थान मिळते, पण यंत्राचे स्वतःचे स्वस्त घड्याळ तितके अचूक नसल्यामुळे त्याची चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. स्थिर भू-केंद्रांच्या साहाय्याने उरलेल्या चुका दुरुस्त करून त्या भूस्थिर उपग्रहांमार्फत कळवणारी पूरक यंत्रणा अमेरिकेत २००३ मध्ये सुरू झाली. भारतातील ‘गगन’ ही इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली यंत्रणा त्याच जातीची आहे.

हे सारे छोट्या विमानाच्या वैमानिकाच्या हाती ज्या उपकरणांनी आणून दिले, त्यांत कॅन्सस राज्यातील गार्मिन कंपनीच्या १९६, २९६, ३९६ आणि ४९६ या मालिकेचे नाव प्रथम घ्यावे लागते. विमानाच्या फलकात कायमचे बसवलेले यंत्र महाग असते आणि ते बसवायला प्रमाणित तंत्रज्ञ लागतो. उलट हे हातात मावणारे यंत्र वैमानिक स्वतःच योकवर, म्हणजे विमान वळवण्याच्या सुकाण्यावर, पकडीने बसवतो, त्याची छोटी अँटेना रबरी चकतीने पुढच्या काचेच्या आत चिकटवतो आणि वीज सिगारेट लायटरच्या खाचेतून घेतो. ही जोडणी दिसते तितकी क्षुल्लक नाही : वायर थोडी जरी लांब सुटली, तरी योक पूर्ण मागे ओढताना ती अडकू शकते, म्हणून योक सर्व बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहिल्याशिवाय उड्डाण सुरू करायचे नसते.

पडद्यावरचा नकाशा आणि त्यावरून सरकणारी विमानाची खूण प्रथम लक्ष वेधून घेते. परंतु या यंत्राची खरी देणगी म्हणजे त्याच्या कडेला दिसणारा जमिनीसापेक्ष वेगाचा आकडा. संकेतांच्या वारंवारतेत होणाऱ्या बदलावरून हा वेग थेट मोजता येतो. समोरचा वारा अपेक्षेपेक्षा जोराचा असेल, तर १०५ नॉटऐवजी ८० नॉट दिसू लागतात आणि मुक्कामापर्यंत पुरेल असे वाटलेले इंधन पुरणार नाही, हे वैमानिकाला टाकीचा काटा खाली येण्याच्या किती तरी आधी समजते. तितकीच मोलाची आहे ती जवळच्या धावपट्ट्यांची यादी देणारी कळ. इंजिन बंद पडल्यावर नकाशाची घडी उलगडायला कोणाला सवड नसते; त्या क्षणी दिशा, अंतर आणि धावपट्टीची लांबी एका दाबाने समोर येणे हे जीव वाचवणारे आहे.

२००४ च्या २९६ मध्ये भूपृष्ठाच्या उंचीची माहिती आली. विमानाच्या खाली १,००० फुटांच्या आत येणारी जमीन पिवळी दिसते, आणि १०० फुटांच्या आतली किंवा विमानाहून उंच असलेली जमीन लाल. अंधाऱ्या रात्री डोंगराळ प्रदेशात याचे मोल वेगळे सांगायला नको; मात्र यात विमानाची उंची उपग्रहांवरून काढलेली असते, आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकाशी ती तंतोतंत जुळत नाही.

येथे या यंत्राची मूलभूत मर्यादा येते : ते जमीन जाणते, हवा जाणत नाही. पंखांवरून हवा किती वेगाने वाहते, यावर विमान तरंगते; पाठीमागून वारा असेल तर पडद्यावर भरपूर वेग दिसत असतानाही हवेसापेक्ष वेग धोक्याइतका कमी झालेला असू शकतो, आणि धावपट्टीकडे वळताना जो वैमानिक पडद्याकडेच पाहील त्याला पंखांचा आधार सुटल्याचे फार उशिरा कळेल. २००५ च्या ३९६ ने उपग्रह रेडिओमार्फत पावसाची रडारचित्रे आणली, तेव्हा हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने समोर आली. अनेक रडार केंद्रांची चित्रे एकत्र जोडून पाठवायला वेळ लागतो, आणि पडद्यावर दिसणारे चित्राचे वय हे जोडलेले चित्र तयार झाल्यापासूनचे असते. प्रत्यक्ष निरीक्षण त्याहून टोकाच्या वेळी १५ ते २० मिनिटांनी जुने असू शकते, असा इशारा अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये दिला. वादळ टाळून लांबून वळसा घालण्यासाठी ते चित्र उत्तम. दोन वादळांमधली फट शोधून त्यातून शिरण्यासाठी ते कधीही वापरू नये.

कायद्याच्या दृष्टीने हे यंत्र पूरकच राहिले. ढगातून केवळ उपकरणांच्या आधारे उडताना मुख्य दिशादर्शक म्हणून फलकात बसवलेले प्रमाणित यंत्रच चालते, कारण उपग्रहांचा संकेत विश्वसनीय आहे की नाही हे ते स्वतः तपासते आणि शंका आल्यास वैमानिकाला सावध करते. तरीही या मालिकेत एक पान असे आहे की ज्यावर मार्गातील बदलावरून वळणाचे काटे रेखाटले जातात. ज्या विमानांत क्षितिजदर्शक फिरकी निर्वात पंपावर चालते, त्यांत तो पंप ढगात असताना बंद पडला, तर विमान वळत नाही ना, एवढे तरी या पानावरून ताडता येते.

सर्वांत मोहात पाडणारी कळ मात्र थेट मुक्कामाकडे रेषा आखणारी. ती रेषा वाटेतील निर्बंधित हवाई क्षेत्राला वळसा घालत नाही, आणि नकाशाचा पट फार दूरवर पसरलेला असेल तर क्षेत्राच्या सीमा चटकन नजरेत भरत नाहीत. याचे परिणाम गंभीर होऊ शकतात : मे २००५ मध्ये एक सेसना १५० वॉशिंग्टनभोवतीच्या निर्बंधित क्षेत्रात शिरले, तेव्हा संसदभवन आणि व्हाइट हाउस रिकामे करण्यात आले होते. शिवाय दर २८ दिवसांनी बदलणारी हवाई माहिती यंत्रात भरून घेतली नसेल, तर रेडिओची जुनी वारंवारताही तितक्याच ठामपणे दाखवली जाते.

२०१० मध्ये आयपॅड आला आणि काही वर्षांतच नकाशे, हवामान व उड्डाण योजना एकाच मोठ्या काचेवर गोळा झाल्या. उन्हात तापून ती काच बंद पडते आणि गचके बसत असताना तिच्यावर बोट नेमक्या जागी टेकवणे कठीण जाते, म्हणून खऱ्या कळा असलेली जुनी यंत्रे जोड म्हणून जवळ ठेवणारे वैमानिक आजही आहेत. उपग्रहांकडून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो आणि साध्या उपकरणानेही तो दाबून टाकता येतो. अमेरिकी लष्कराच्या चाचण्यांच्या वेळी मोठ्या प्रदेशात तो मिळणार नाही, अशा सूचना वैमानिकांना आधी दिल्या जातात. खासगी वैमानिकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत भूचिन्हे पाहून आणि वेग-वेळेचे गणित करून वाट काढण्याचा भाग अमेरिकेत त्यामुळेच कायम आहे, आणि त्या वेळी यंत्र बिघडले आहे असे मानून पुढे चला, असे परीक्षक सांगू शकतो.