रिकामा ड्रम म्हणजे नुसते भंगार नव्हे

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून रिकामे ड्रम उचलणे हा आपल्या अनेक बांधवांचा जुना धंदा. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतील भंगाराची गोदामे पाडली. नव्या जागी धंदा मांडणाऱ्यांनी आता एक कायदा समजून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

2016 च्या नियमांनुसार घातक रसायनाचा अंश राहिलेला ड्रम हा घातक कचरा ठरतो. तो घेऊन धुण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र लागते. माल हलवताना नमुना 10 सोबत हवा, त्यावर कारखानदार, वाहतूकदार व घेणारा या तिघांच्या सह्या. साधे बिल पुरत नाही. कारखानदारालाही असा माल साधारणतः 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे कागदपत्रे पूर्ण असलेला घेणारा त्यालाही हवाच असतो. एप्रिल 2024 पासून पर्यावरण कायद्याखालील दंड 10 हजार ते 15 लाख रुपये आहे.

आणि असा ड्रम घरात पाणी भरायला विकणे? मालातला ऐब लपवून विकणे शरीअतला मंजूर नाही, आणि हा ऐब तर डोळ्यांना दिसतही नाही.

अधिकारपत्राचा अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. त्याआधी जागेचे कागद पक्के करून घ्यावेत.