आकडी, निदान आणि विमा

रायपूरच्या चौबे कॉलोनीतील एखाद्या मराठी घरात २०२० च्या टाळेबंदीत मुलीला प्रथमच आकडी आली, असे समजू. ती अपस्माराचीच असेल असे नाही. कार्यात्मक आकडीत मेंदूत अपस्माराची विद्युत-खळबळ नसते. अनेकदा भय, शोक वा कोंडमाऱ्याच्या ताणाने भान व हालचालींवरील नियंत्रण सुटते. हे ढोंग नव्हे. व्हिडिओ-ईईजीने भेद कळतो. अन्यथा अपस्माराची निरुपयोगी औषधे वर्षानुवर्षे चालू राहतात, आणि कुटुंबाचा पैसा जातो तो येथेच.

उपचार मुख्यतः मानसोपचाराचा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण देणे बंधनकारक आहे. तथापि बाह्यरुग्ण सल्ल्याचे शुल्क बहुतेक विम्यांत बसत नाही, आणि मानसोपचार तर बहुधा बाह्यरुग्ण विभागातच होतो.