पाणी साफ करणारी नॅनो नळी, पण ती बनवताना किती पाणी नासतं?

नॅनो म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर नॅनो युरियाची बाटली येते. टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो नळी ही वस्तू वेगळी. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच ही पांढरी पावडर, फक्त पोकळ नळीच्या रूपात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर, आणि काही नळ्या जेमतेम 8 नॅनोमीटर जाड असतात. उन्हातले अतिनील किरण पडले की हा पदार्थ पाण्यातला कापड-रंग, औषधांचे अंश तोडून टाकतो. नळी पोकळ, त्यामुळे आतून-बाहेरून दोन्हीकडून काम होतं.

पण ती बनते कशी, इथंच गोम आहे. 1998 साली जपानमध्ये कासुगा आणि सहकाऱ्यांनी ही पावडर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात 110 अंशांवर 20 तास शिजवली. लिटरमागे 400 ग्रॅमपर्यंत सोडा! नंतर नळ्या धुवायला ॲसिड आणि पाणी वेगळंच. पाणी साफ करायला निघालेली वस्तू आधी पाणीच नासवते.

दुसऱ्या रीतीत टायटॅनियमचा पत्रा हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून वीज सोडतात. पत्र्यावर मधाच्या पोळ्यासारख्या उभ्या नळ्या येतात. मात्र हे ॲसिड कातडीतून आत शिरतं आणि शरीरातलं कॅल्शियम पकडतं. पातळ असलं तर आग काही तासांनी सुरू होते, तोवर माणूस गाफील. म्हणून पुढे ॲसिडऐवजी ग्लिसरीनमध्ये थोडा फ्लोराइडचा क्षार घालून काम होऊ लागलं. धोका कमी झाला, पण फ्लोराइड उरतंच.

सगळ्यात भावणारी युक्ती कापसाच्या घरातली. 2003 साली जपानमध्येच हुआंग आणि कुनिताके यांनी प्रयोगशाळेतला गाळणकागद घेतला. हा कागद म्हणजे कापसासारखाच सेल्युलोजचा धागा. धाग्यावर टायटॅनियमच्या द्रावणाचे पातळ थर चढवले आणि कागद भट्टीत जाळला. धागा जळून गेला, भोवतीची नळी राहिली. ना कडक सोडा, ना ते ॲसिड. भट्टीचं इंधन आणि द्रावणातली रसायनं मात्र लागतातच, तेव्हा शंभर टक्के हिरवी ही रीतही नाही.

पाल्याच्या अर्कापासून ‘हरित नॅनो’ अशा बातम्या मोबाइलवर फिरतात. त्यात बहुतेकदा साधे कण बनतात, नळ्या नव्हे. नळीला साचा लागतो, नाहीतर कडक सोडा किंवा वीज. आणि हिरवी म्हणवणारी रीत पाहताना पहिला प्रश्न हाच, की धुतलेलं पाणी शेवटी सोडलं कुठं.