साखळी करवत

साखळी करवत : मार्गपट्टीच्या कडेने अखंड फिरणाऱ्या दातेरी साखळीने लाकूड कापणारे, हाताने पेलावयाचे यांत्रिक हत्यार. व्यवहारात यास ‘चेन सॉ’ म्हणतात. वनातील कामासाठीच्या बहुतेक करवतींना हवेने थंड होणारे, पेट्रोलवर चालणारे द्विधाव (टू-स्ट्रोक) एंजिन असते. एंजिनाचा वेग वाढताच केंद्रोत्सारी क्लच पकड घेतो व साखळी फिरू लागते.

जर्मनीत आन्ड्रेआस श्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवर व १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. दरम्यान १९२७ मध्ये एमिल लेर्प यांच्या पेट्रोल करवतीची चाचणी थुरिंजियातील डोल्मार या डोंगरावर झाली. त्याचेच नाव पुढे त्या यंत्रास मिळाले. श्टिल यांच्या १९२९ च्या यंत्राची शक्ती ६ अश्वशक्ती व वजन ४६ किग्रॅ. होते, ते पेलण्यास दोन माणसे लागत. त्यांच्याच कारखान्यातील १९५९ च्या ‘काँट्रा’ या करवतीची शक्तीही ६ अश्वशक्तीच होती, वजन मात्र सुमारे १२ किग्रॅ. जुन्या करवतींची तुलना केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावरून करणे किती फसवे असते, हे यावरून दिसते.

वजनातील ही घट हलक्या मिश्रधातूंच्या ओतीव भागांमुळे व सुटसुटीत एंजिनामुळे साधली. हाताळणीतील मोठा बदल कार्ब्युरेटरमुळे घडला. तरंडयुक्त कार्ब्युरेटर उभ्या स्थितीतच नीट चालतो. म्हणून आरंभीच्या अनेक यंत्रांत एंजिन सरळ ठेवून मार्गपट्टीच आडवी वळवावी लागे. पडद्याचा कार्ब्युरेटर १९५० च्या सुमारास रूढ झाला आणि करवत कोणत्याही कोनात धरता येऊ लागली.

कापण्याचा वेग एंजिनाइतकाच साखळीवर अवलंबून असतो. आरंभीच्या साखळीचे दात दोन माणसांनी ओढावयाच्या करवतीच्या दातांसारखे होते. ते लाकूड खरवडत आणि त्यांना धार लावण्यास फार वेळ लागे. अमेरिकेतील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे पाहून, डावीउजवीकडे आळीपाळीने छिलके काढणारा वक्र दात योजला (१९४६-४७). आजच्या साखळ्या याच दाताच्या वंशातील होत. बोथट साखळीची मोठी करवत धारदार साखळीच्या लहान करवतीमागे पडते. छिलक्यांऐवजी बारीक भुसा पडू लागणे ही धार गेल्याची खूण होय.

जुन्या करवतींचे दोन स्वभाव ठळकपणे वेगळे दिसतात. दंतचक्रांद्वारे वेग कमी करणाऱ्या करवतीत साखळी सावकाश फिरते, पण पीळ अधिक मिळतो. जाड खोडात लांब मार्गपट्टी रुतली तरी एंजिन दम सोडत नाही. ‘काँट्रा’सारख्या थेट जोडणीच्या करवतीत दंतचक्रे नसल्याने वजन घटते व साखळी वेगाने फिरते. मात्र ती लाकडात दाबून न धरता वेगावरच कापू द्यावी लागते.

कंपन व सुरक्षितता यांबाबत जुनी यंत्रे फार उणी आहेत. त्यांच्या मुठी एंजिनाला घट्ट जोडलेल्या असत. दीर्घकाळ कंपन सोसल्याने बोटांतील रक्तपुरवठा बिघडून ती पांढरी व बधिर पडतात. जपानच्या शासकीय वनांतील कामगारांत हा विकार १९६० नंतर मोठ्या प्रमाणावर आढळला. कंपनरोधक मुठी १९६४ पासून, तर साखळीचा गतिरोधक १९७० नंतरच्या दशकारंभी प्रचारात आला. मार्गपट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकला, तर करवत क्षणार्धात कामगाराच्या तोंडाकडे उसळते. अशा वेळी गतिरोधक साखळी थांबवितो. तो नसलेली करवत चालू स्थितीत असली, तरी रोजच्या कामास योग्य मानता येत नाही.

महाराष्ट्रातील वनांत तोड दीर्घकाळ कुऱ्हाड व हातकरवत यांनीच होत असे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेवर शुष्क पानझडी वन आहे. अशा वनात साग, धावडा, सालई यांसारखे वृक्ष असतात व खोडे सामान्यतः मध्यम जाडीची असतात. १०६ घ. सेंमी. क्षमतेची ‘०७०’ किंवा १३७ घ. सेंमी.ची ‘०९०’ ही जुनी श्टिल यंत्रे प्रचंड खोडांसाठी बनविलेली असल्याने येथे त्यांचे वजनच अडचणीचे ठरते. उलट, सागाच्या लाकडातील सिलिकेमुळे धार लवकर जाते. त्यामुळे येथे एंजिनाच्या आकारापेक्षा कानशीचे महत्त्व अधिक. सालई मऊ, तर धावडा कठीण. शेजारच्या खानदेशातील अंजनाचे लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड असते. म्हणून एका झाडावरील चाचणी दुसऱ्यास लागू पडत नाही. यंत्र कोणतेही असले, तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये अनुसूचित वृक्ष तोडण्यास परवानगी लागते.

दोन जुन्या करवतींची तुलना करताना एकाच ओंडक्याचे, सारख्या लांबीच्या मार्गपट्टीने व नुकत्याच घासलेल्या एकाच प्रकारच्या साखळीने अनेक काप घेऊन सरासरी वेळ काढतात. त्याआधी सिलिंडरातील दाब तपासणे आवश्यक असते. दट्ट्याची कडी झिजलेली असल्यास यंत्राचा मूळ गुण कळत नाही. इंधनातील तेलाचे प्रमाणही पाहावे लागते. अनेक जुन्या एंजिनांसाठी १६ किंवा २५ भाग पेट्रोलास १ भाग तेल सांगितलेले असे. अलीकडील सुधारित तेलांसाठी ते बहुधा ५० भागांस १ असते. जुने साधे तेल या नव्या प्रमाणात घातल्यास दट्ट्या अडकतो.