नगराची दाटी आणि नागरिकांचा प्रवास

लहान गावात शाळा, बाजार व दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर असतात. तेथे पायांवाचून अन्य वाहन लागत नाही. गाव वाढले की अंतरे वाढतात व प्रवासाची रीत पालटते. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ख्यात होते. महापालिकेच्या हद्दीतील वस्ती १९५१ साली पाच लाखांच्या आत होती. २०११ साली ती एकतीस लाखांवर गेली. शहर चहूकडे पसरले आणि सायकलींची जागा स्वयंचलित दुचाकींनी घेतली.

मग पुण्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या मुंबईत लाखो लोक आगगाडीनेच का जातात? याचे उत्तर वस्तीच्या दाटीत आहे. तेथे एका चौरस किलोमीटरात सरासरी सुमारे वीस हजार माणसे राहतात. चिंचोळ्या भूमीवर लोहमार्गालगत वस्ती दाटल्यामुळे प्रत्येक स्थानकावर भरपूर उतारू मिळतात व गाड्या थोड्याथोड्या मिनिटांनी सोडता येतात. गर्दीचा जाच मात्र सोसावा लागतो.

विरळ वस्तीत याच्या उलट घडते. बस रिकामी धावते, म्हणून फेऱ्या घटतात. फेऱ्या घटल्या म्हणून लोक स्वतःचे वाहन घेतात. न्यूमन व केनवर्दी या संशोधकांनी १९८९ साली जगातील बत्तीस शहरांची तुलना प्रसिद्ध केली. दाट शहरांत दरडोई पेट्रोल कमी जळते, असे तीत दिसून आले.

तेव्हा प्रवासाची सवय ही केवळ आवडीची बाब नव्हे. नगराची रचनाच ती घडविते. रचना चुकली तर वाहन चालवू न शकणारी मुले व वृद्ध यांनाच घरी अडकून पडावे लागते.