पांढऱ्या रंगामुळे वाचलेला बंगला

'बॅक टू द फ्युचर' बघितलाय ना? मार्टी १९५५ सालात जाऊन पोचतो आणि डॉक ब्राऊनच्या भल्यामोठ्या लाकडी घरापाशी येतो. बाहेरून दिसणारं ते घर खरंखुरं आहे. लॉस एंजेलिसजवळच्या पासाडिनामध्ये आजही उभं आहे. नाव गॅम्बल हाऊस. आज त्याची गोष्ट सांगतो, आणि सोबत एक प्रश्न: जुनं घर वाचवतं कोण? कायदा की माणसं?

आधी शब्दाची गंमत. 'बंगला' म्हणजे मुळात 'बंगालचा'. बंगालमधली बैठी, उतरत्या छपराची घरं इंग्रजांनी बघितली, आपल्या सोयीने बदलली आणि तो शब्द इंग्लंडला नेला. तिथून तो अमेरिकेत गेला. आपल्याकडे बंगला म्हणजे श्रीमंती, पण कॅलिफोर्नियात 'बंगलो' म्हणजे मध्यमवर्गाचं छोटं, बैठं घर. गॅम्बल हाऊस तसं छोटं नाही, बैठंही नाही. पण पुढे आलेलं छप्पर, मोकळे व्हरांडे, लाकूडकाम अशी त्या घरांची सगळी वैशिष्ट्यं इथे टोकाला नेलीत. म्हणून त्याला 'अल्टिमेट बंगलो' म्हणतात.

१९०८ साली हे घर बांधायला घेतलं ते डेव्हिड आणि मेरी गॅम्बल यांच्यासाठी. टाइड-एरियलवाली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनी आहे ना, त्याच घराण्यातले हे. राहायचे ओहायोत, तिथली थंडी चुकवायला हे हिवाळ्यातलं घर. आर्किटेक्ट होते चार्ल्स आणि हेन्री ग्रीन, सख्खे भाऊ. शाळेतच दोघं सुतारकाम शिकले होते. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी जपानी लाकडी इमारत बघितली, आणि तिची छाप त्यांच्या कामात कायम दिसते.

आता घर बघू. छपराच्या वळचणी इतक्या पुढे आल्यात की उन्हाळ्यातलं ऊन भिंतीपर्यंत फारसं पोचतच नाही. वरच्या मजल्यावर बेडरूमना लागून उघडे व्हरांडे आहेत. ते कशासाठी? रात्री मोकळ्या हवेत झोपायला! आपण गच्चीवर अंथरूण टाकायचो, तसंच. दारावर रंगीत काचांमधून साकारलेलं ओकचं झाड. आत शिरलात की बर्मी सागवान. लाकडाच्या कडा गोल केलेल्या, हात फिरवावासा वाटेल अशा. सांधे लपवलेले नाहीत, उलट तेच सजावट झालेत. फर्निचरसुद्धा बरंचसं याच घरासाठी डिझाइन केलेलं.

डेव्हिड १९२३ मध्ये गेले, मेरी १९२९ मध्ये. मेरीची बहीण ज्युलिया १९४३ पर्यंत तिथे राहिली. मग मुलगा सेसिल आणि सून लुईझ यांनी घर विकायचा विचार केला. तेव्हा ग्रीन बंधूंची फॅशन कधीच मागे पडली होती. घर बघायला आलेले लोक बोलता बोलता म्हणाले, की आतलं सगळं लाकूड पांढरं रंगवून टाकू. झालं! विकायचा बेत रद्द. दोघं स्वतःच तिथे राहायला आले.

लक्षात घ्या, त्या वेळी वारशाची कुठलीही पाटी त्या घरावर नव्हती. गॅम्बल कुटुंबाने घर पासाडिना शहराला दिलं १९६६ मध्ये, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठासोबत करार करून. अमेरिकेचा ऐतिहासिक वारसा जतनाचा राष्ट्रीय कायदासुद्धा त्याच वर्षीचा. आणि राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा? तो मिळाला १९७७ मध्ये. म्हणजे रंगाचे डबे आत येता येता राहिले, त्यानंतर तीसेक वर्षांनी!

आता दुसरी बाजू. त्याच शहरात त्याच भावांनी बांधलेलं ब्लॅकर हाऊस आहे. १९८५ मध्ये ते नव्या मालकाकडे गेलं आणि मूळचे दिवे, रंगीत काचा काढून नेल्या गेल्या. शहरात संताप उसळला, मग पालिकेने घाईघाईत नियम केला. पुढच्या मालकांनी घर मेहनतीने दुरुस्त केलं, पण बऱ्याच दिव्यांच्या जागी आता हुबेहूब प्रतिकृती आहेत.

मग उत्तर काय? कायदा लागतोच. गॅम्बल हाऊसला समजदार वारस मिळाले, ब्लॅकर हाऊसला मधल्या काळात ते मिळाले नाहीत, आणि नशिबावर किती घरं सोडायची? पण कायदा बहुतेकदा उशिरा येतो. त्याआधीची वर्षं घर टिकतं ते 'याला रंग लावायचा नाही' असं म्हणणाऱ्या माणसामुळे.

गॅम्बल हाऊस आज बघायला खुलं आहे. शिवाय दर वर्षी आर्किटेक्चरचे दोन विद्यार्थी तिथे चक्क राहतात. तुमच्या आजोळी सागवानी खांब असतील, जुनी तावदानं असतील, तर पुढच्या रंगकामाआधी एकदा नीट बघा. फोटो काढा, कोणी बनवलं ते घरच्यांना विचारा. आणि आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात!